काळ्या शाईचा उपास

फरीदाबादच्या सेक्टरातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात प्रिंटर आला त्याला दोन वर्षं झाली होती. बसवायला आलेल्या माणसाने नमुन्याचा पहिला कागद काढला, तेवढा सोडला तर त्या प्रिंटरने काळं अक्षर म्हणून छापलं नव्हतं. हे प्रमोदिनीचं व्रतच होतं म्हणा ना. आरत्या, श्रावणातल्या कहाण्या, संक्रांतीच्या हळदीकुंकवाची बोलावणी, सगळं लाल. कुंकवासारखं लालभडक. शुभाच्या कागदाला काळं लावू नये, असं तिची आई म्हणायची. आई गेली, पण म्हणणं राहिलं.

प्रिंटरच्या पोटाशी चार पारदर्शक टाक्या होत्या. त्यांतली लाल आणि पिवळी दोनदा भरून झाली होती, निळी अधूनमधून उतरायची, आणि काळी जिथे होती तिथेच. प्रमोदिनी रोज सकाळी पूजा झाली की प्रिंटरवरचं क्रोशाचं झाकण सारखं करायची. काळी टाकी दिसली की तिला बरं वाटायचं. घरात काहीतरी शिल्लक आहे, असं.

तिचे यजमान श्यामकांत केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांचा सगळा कारभार मोबाईलवर. प्रिंटरला ते हातही लावत नसत. "ते तुझं देवघराचं एक्स्टेंशन आहे," म्हणायचे.

तर गोष्ट सुरू झाली ती श्रावणातल्या दुसऱ्या शुक्रवारी.

सेक्टरातल्या नऊ-दहा मराठी बायका श्रावणातल्या शुक्रवारी दुपारी चार वाजता प्रमोदिनीकडे जमत. जिवतीची पूजा, चणे-गूळ, दूध, आणि मग कहाणी. कहाणी सांगायच्या अलकाताई. वय एक्याऐंशी. अंगाने काडी, पण आवाज कसा, तर गरम दुधावर साय यावी तसा. आणि कहाणीही त्यांची स्वतःची. म्हणजे त्यांच्या आईची. बाजारात मिळणाऱ्या कुठल्याही पुस्तकात ती नव्हती. त्या कहाणीतली देवी गरिबाघरच्या बाईकडे येते, ती दागिने द्यायला नाही. उंबऱ्यावर बसते आणि तिच्याबरोबर तांदूळ निवडू लागते. दोन वर्षांपूर्वी प्रमोदिनीने अलकाताईंना समोर बसवून ती सगळी उतरून घेतली होती, शब्दाला शब्द. प्रिंटर घेतला होता तोच मुळी त्यासाठी. दहा प्रती काढल्या, प्रत्येकीच्या देवघरात एकेक गेली.

त्या शुक्रवारी अलकाताई कागद समोर धरून सांगत होत्या. बायका हात जोडून, डोळे मिटून ऐकत होत्या. प्रमोदिनीही मिटून ऐकायची. पण त्या दिवशी निरांजनाची वात तडतडली म्हणून तिने डोळे उघडले, आणि तिचं लक्ष अलकाताईंच्या हातातल्या कागदाकडे गेलं.

तो कागद सोमवारच्या कहाणीचा होता.

अलकाताई सोमवारचा कागद धरून शुक्रवारची कहाणी वाचत होत्या.

प्रमोदिनीला आधी हसूच आलं. मग ते ओठातच राहिलं. कारण देवी उंबऱ्यावर बसली, सूप पुढे ओढलं, आणि अलकाताई थांबल्या. कागदाकडे बघत राहिल्या. कागद थोडा लांब धरला, थोडा जवळ आणला. कुणीतरी मागून हळूच सांगितलं, "तांदूळ, अलकाताई, तांदूळ." त्या हसल्या, पुढे गेल्या, कहाणी पुरी केली. पण पुरी झाल्यावर म्हणाल्या, "पुढच्या शुक्रवारी रेवतीला वाचू दे. तिचा आवाज छान आहे."

रेवती गटातली सगळ्यांत धाकटी. ती म्हणाली, "अहो, मी काय वाचणार, मला बिल्कुल जमायचं नाही." बायकांनीही "काहीतरीच काय" केलं. पण अलकाताई मान हलवत राहिल्या.

दुधाचे पेले आत नेताना प्रमोदिनीने त्यांना ओट्यापाशी गाठलं.

"अलकाताई, तुम्ही कागद बघत नव्हतात."

"हळू बोल गं." अलकाताईंनी पेला विसळायला घेतला, विसळलेलाच. "लाल अक्षर दिसत नाही मला आता. पाण्यात कुंकू सांडावं तसं दिसतं. मागच्या वर्षापासून पाठच म्हणते आहे."

"आणि हे मला आत्ता सांगताय?"

"तू इतक्या भक्तीने लाल काढतेस. मी कुठे म्हणू, मला काळ्यात दे म्हणून? पाठ होती तोवर चाललं. आता मधला मधला धागा सुटतो." त्यांनी पेला पालथा घातला. "आईची कहाणी आहे ना. चुकीची सांगण्यापेक्षा दुसरीने बरोबर वाचलेली बरी."

प्रमोदिनीने तो पालथा पेला फडक्याने पुसून घेतला. तिला बोलायला तसाही वेळ लागायचा.

पण रात्रभर तिच्या मनात एकच. पुढच्या शुक्रवारी अलकाताईंनीच वाचायचं. त्यांच्या आईची कहाणी, त्यांच्याच तोंडून, त्यांना दिसेल अशा अक्षरात. काळ्या, ठळक, मोठ्या. आईचं म्हणणं? सकाळी देवापुढे बसल्यावर हात आपोआप गळ्यापाशी गेला आणि मंगळसूत्राचे मणी बोटांत आले. ते कुठे लाल होते? 'आई, तुझंच मंगळसूत्र तर आहे हे,' ती मनात म्हणाली, आणि तो प्रश्न तिथेच संपला.

मध्ये रक्षाबंधन आलं, पाहुणे आले. समोरच्या शर्मांचा सावन राखीला संपला, मराठी श्रावण निम्मा उरला. बुधवारी सकाळी प्रमोदिनीने लॅपटॉप उघडला, अक्षराचा आकार दुप्पट केला, रंग काळा केला, नमस्कार केला आणि छापायला सांगितलं.

प्रिंटर घुरघुरला, खाकरला, कागद बाहेर आला.

कोरा.

अगदी कोरा नाही. मध्ये मध्ये करड्या ओरखड्यासारख्या रेघा. मांजराने पंजा मारावा तशा.

"अहो," प्रमोदिनीने हाक मारली.

श्यामकांत वर्तमानपत्र घेऊन आले, कागद उजेडाला धरून बघितला. "निर्गुण निराकार आलेलं दिसतंय."

"चेष्टा पुरे. काय झालं असेल?"

"शाई संपली असेल."

"काठोकाठ आहे."

श्यामकांतांनी वाकून टाकी पाहिली. खरंच काठोकाठ. मग त्यांनी कागद उलटा लावून पाहिला. मग नवीन रीम फोडून पाहिली, कारण जुना कागद पावसाळी हवेने सर्द झाला होता आणि कडेने वळला होता. नव्या कागदावर ओरखडे तेवढे स्वच्छ आले. मग त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन 'ड्राफ्ट' काढून 'हाय' केलं. प्रिंटर दुप्पट वेळ घेऊन, दुप्पट सावकाश, तेच ओरखडे काढू लागला.

"लाल काढून बघ," ते म्हणाले.

लाल काढलं. खणखणीत लाल आलं.

"बघ, मशीन भक्त आहे," श्यामकांत म्हणाले. "तुझ्यासारखंच. काळ्याला शिवत नाही."

मग त्यांनी प्रिंटर दोन्ही हातांनी उचलून जरा हलवायचं ठरवलं. घरातला रेडिओ, रिमोट आणि एकदा गॅसचं लायटर त्यांनी असंच दुरुस्त केलेलं. प्रमोदिनी आडवी आली म्हणून प्रिंटर वाचला.

"संध्याकाळी कौसल्याला विचारू," ती म्हणाली.

कौसल्या खालच्या मजल्यावर राहायची. मूळची अमरावतीकडची, दिल्लीत एका सरकारी कार्यालयात होती. तिच्या विभागात सोळा प्रिंटर होते, आणि त्यांतला एकही कंपनीच्या माणसाची वाट बघत बसायचा नाही, कारण कौसल्या असायची. तिचे आणि प्रमोदिनीचे देव वेगळे. कौसल्या बौद्ध, पूजा-व्रत तिच्या घरी नाही. पण पावसाळ्याचे तीन महिने वर्षावासाचं ग्रंथवाचन चालू असायचं, रोज संध्याकाळी, नेमाने. त्यामुळे दोघींना एकमेकींची सातची वेळ पाठ होती. सातच्या आधी या, नाहीतर आठनंतर.

सहा वाजता कौसल्या आली, ऑफिसचं कार्ड गळ्यातच.

"ताई, दाखवा पेशंट."

प्रमोदिनीने कोरा कागद दाखवला. कौसल्याने तो नुसता बघितला आणि बाजूला ठेवला. प्रिंटरच्याच बटणांवरून तिने काहीतरी केलं आणि एक छोटा नमुना छापला. चार रंगांचे चार चौकोन, प्रत्येकात जिन्यासारख्या बारीक बारीक रेघा. लाल जिना अख्खा. पिवळा, निळा अख्खा. काळ्या जिन्याच्या जागी तीन पायऱ्या, त्याही तुटक्या.

"याला नोझल चेक म्हणतात," कौसल्या म्हणाली. "ज्या भोकांतून शाई बाहेर येते ना, ती केसापेक्षा बारीक असतात. जिन्यात जितक्या पायऱ्या नाहीत, तितकी भोकं बंद. तुमचा काळा जिना तर..." ती वाकून टाक्यांकडे बघू लागली. एकदा लाल, एकदा काळी. "ताई, ही काळी शाई कधी भरली?"

"प्रिंटरबरोबरच आली."

"आणि वापरली?"

प्रमोदिनी पदराशी चाळा करू लागली.

"नाही वापरली," श्यामकांत आतून ओरडले. "शुभ कार्य असतं आमच्याकडे!"

कौसल्याने डोळे मोठे केले. "म्हणजे दोन वर्षं? एकदापण नाही?"

"शुभाला काळं लावत नाहीत," प्रमोदिनी अगदी हळू म्हणाली. "म्हणून लालच काढायचे. मला काय माहीत, न वापरलेलं बिघडतं."

"अहो, न वापरलेलंच बिघडतं! शाई भोकाशी येऊन थांबली, हवा लागली, सुकली. आमच्या साहेबांच्या केबिनमधला प्रिंटर असाच, रंगीत वापरतच नाहीत, दर सहा महिन्यांनी पिवळा बेपत्ता." ती हसत सुटली. "ताई, तुम्ही दोन वर्षं उपास घडवला याला! काळ्या शाईचा!"

प्रमोदिनीलाही हसू आलं. पण लगेच तिने विचारलं, "शुक्रवारी चारपर्यंत होईल?"

तेव्हा कौसल्याने तिच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. मग प्रमोदिनीने सगळं सांगितलं. सोमवारचा कागद, शुक्रवारची कहाणी, विसळलेला पेला. कौसल्या अलकाताईंना ओळखायची. जिन्यात भेटल्या की त्या तिच्या मुलीचा, उन्नतीचा, हात धरून 'अभ्यास कसा चाललाय' विचारायच्या.

"करू," ती म्हणाली. "पण घाई नाही करायची. हेड क्लीनिंग म्हणून असतं. शाई जोराने ओढून भोकं धुतात. एका वेळी दोनदा, फार तर तीनदा. त्याच्यापुढे केलं तर नुसती शाई वाया जाते, आणि धुतलेली शाई आतल्या स्पंजमध्ये साठते, तो भरला की मशीनच बसतं. दोन-तीनदा करायचं आणि रात्रभर सोडून द्यायचं. ओलाव्याने सुकलेलं सुटतं."

"म्हणजे उपास सोडताना करतो तसं," प्रमोदिनी म्हणाली. "एकदम पंचपक्वान्न नाही. आधी पेज."

"हां, पेज. चला, पेज पाजू."

पहिल्या धुण्याने काही झालं नाही. दुसऱ्याने तिनाच्या पाच पायऱ्या झाल्या. तिसऱ्यानंतर कौसल्याने बोट वर केलं. "आता हात लावायचा नाही. मेन स्विचसुद्धा बंद करायचा नाही. तुम्ही रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद करता ना?"

"करते."

"मी लाईट बिलासाठी सांगितलंय," श्यामकांत म्हणाले.

"काका, प्रिंटर त्याच्याच बटणाने बंद करायचा. मग तो शाईच्या तोंडावर टोपण बसवून झोपतो. तुम्ही भिंतीवरून बंद करता, बिचारा तोंड उघडं टाकून झोपतो."

श्यामकांतांनी वर्तमानपत्र जरा उंच धरलं.

गुरुवारी सकाळी पूजा झाली, आरती झाली, आणि प्रमोदिनीने स्वतः नोझल चेक काढला. काळ्या जिन्याच्या निम्म्या पायऱ्या आल्या होत्या. तिने कहाणीचं पहिलं पान छापून पाहिलं. अक्षरं आली! पण प्रत्येक ओळीवरून कुणी पांढरा कंगवा फिरवलेला. 'उंबरा' वाचता येत होता, 'सूप' नाही.

कौसल्याने सांगितलं होतं, सकाळी एकदाच धुवायचं, मग थेट संध्याकाळी. प्रमोदिनीने एकदाच धुतलं. नेम म्हणजे नेम.

श्यामकांतांना मात्र चैन पडेना. ते स्वतःहून कधी कबूल करणार नाहीत, पण तोंड उघडं टाकून झोपणारा प्रिंटर त्यांच्या मनाला लागला होता. दुपारी जेवणं झाली आणि ते गुपचूप पेनड्राईव्ह खिशात टाकून मार्केटला गेले. तिथल्या झेरॉक्सवाल्याकडे मोठं लेझर मशीन होतं. तासाभराने परतले ते पाकीट छातीशी धरूनच.

"घे. काळंकुळकुळीत. तुझ्या कौसल्येला म्हणावं, काकाही काही कमी नाहीत."

प्रमोदिनीने पाकीट उघडलं. पानं होती सहा. काळा रंग असा, की बोट काळं होईल. ठळक, मोठं, स्वच्छ. आणि एकही अक्षर नव्हतं. ओळीच्या ओळी चौकोनी डबे. छोटे डबे, मोठे डबे, मध्येच एखादी वेलांटी कुणाची तरी वाट चुकून एकटी उभी.

"अहो, हे काय आणलंत?"

"कहाणी."

"हे डबे आहेत."

श्यामकांतांनी चष्मा लावला. बराच वेळ पानाकडे बघत राहिले. "तो म्हणत होता, अंकल जी, फॉन्ट नहीं है शायद. मला वाटलं, काहीतरी पैसे वाढवायला बोलतोय. मी म्हटलं, अरे यार, तू छाप बस."

"आणि तुम्ही बघितलं नाहीत?"

"चष्मा घरी होता ना."

प्रमोदिनीला हसावं की रडावं कळेना, म्हणून ती आत गेली आणि संध्याकाळच्या दिव्याची वात वळत बसली. एक दिवस उरला होता. तिला अलकाताईंचा तो लांब-जवळ होणारा कागद दिसत होता. या सहा पानांवरच्या डब्यांकडे बघून आपल्याला जसं वाटलं, तसं त्यांना वर्षभर वाटत होतं. कागद भरलेला आहे हे दिसतंय, त्यात आपलीच कहाणी आहे हे माहीत आहे, आणि आत शिरायला वाट नाही. वर्षभर. आणि शेजारी बसून आपण डोळे मिटून ऐकत होतो.

तिने वळलेली वात पुन्हा उलगडली आणि पुन्हा वळली.

सहाला कौसल्या आली. डब्यांची पानं बघून तिने सोफ्यावर बसून घेतलं, इतकी हसली. "काका, पीडीएफ करून न्यायची ना! मग फॉन्ट कुठलापण असू दे, जसंच्या तसं येतं."

"हे आधी सांगायचं असतं," श्यामकांत म्हणाले.

"आधी तुम्ही सांगितलं का, मार्केटला चाललो म्हणून?"

"बरं, बरं. मग आता पीडीएफ कर, मी परत जातो."

कौसल्याने प्रमोदिनीकडे पाहिलं. प्रमोदिनी प्रिंटरजवळ उभी होती, क्रोशाचं झाकण हातात घेऊन. "पीडीएफ करून ठेव," ती म्हणाली, "उद्या सकाळी लागली तर. पण आधी याला बघू या. माझ्यामुळे बंद पडलाय तो."

नोझल चेक. जिना जवळपास अख्खा, दोन पायऱ्या कमी. एकदा धुतलं. एक कमी. कौसल्याने पुन्हा धुवायला नकार दिला. "दहा मिनिटं थांबू. चहा टाका."

चहा झाला. श्यामकांतांनी स्वतः केला, हे वेगळं सांगायला नको. मग नोझल चेक. प्रमोदिनीने एकेक पायरी बोट ठेवून मोजली, वरपासून खालपर्यंत. तुटलेली एकही नव्हती.

"छापा," कौसल्या म्हणाली.

पान सावकाश बाहेर आलं. काळं आलं, भरीव आलं. पण अक्षरांना सावली होती, प्रत्येक अक्षर किंचित दोनदा उमटलेलं. तिरळ्या डोळ्याने बघितल्यासारखं.

"हे आता काय?" प्रमोदिनीचा आवाज बारीक झाला.

"काही नाही, काही नाही. उठून बसलंय, अजून पाय सरळ पडत नाहीत." कौसल्याने बटणं दाबली. "अलाइनमेंट. जाताना छापलेलं आणि येताना छापलेलं एका जागी बसवायचं. हा कागद काढतो ना, त्यात बारीक रेघांचे गठ्ठे आहेत. ज्या गठ्ठ्यात रेघा सगळ्यांत सरळ दिसतात, त्याचा नंबर सांगा. माझा चष्मा ऑफिसात राहिला."

तिघांत मिळून चष्मे दोन, त्यातला एक ऑफिसात, आणि श्यामकांतांचा सापडत नव्हता. शेवटी प्रमोदिनीनेच कागद खिडकीशी नेला. आयुष्यभर तांदूळ निवडलेली नजर ती. "चौथा," ती म्हणाली. "दुसऱ्या ओळीत पाचवा."

आणि मग पान आलं.

प्रमोदिनीने ते दोन्ही हातांवर घेतलं. शाई वाळेपर्यंत तसंच धरलं. मग देवघरातल्या करंड्यातून अनामिकेला कुंकू घेऊन पानाच्या वरच्या कोपऱ्यात एकच ठिपका लावला. तेवढंच लाल.

"सातला दहा कमी आहेत," कौसल्या उठली. "वाचन आहे माझं. उरलेली पानं तुमची तुम्ही काढा. आता तुम्हाला येतं सगळं."

शुक्रवारी चारच्या आधीच बायका जमल्या. रेवती लाल कागद घेऊन बसली होती, घसा साफ करत, घाबरलेली. अलकाताई भिंतीशी टेकल्या होत्या, पाहुण्यासारख्या. पूजा झाली. प्रमोदिनीने काही भाषण केलं नाही. ती उठली आणि पानांचा गठ्ठा अलकाताईंच्या मांडीवर ठेवला.

अलकाताईंनी तो उचलला. सवयीने लांब धरला. मग थांबल्या. लांब धरलेला कागद तिथेच राहिला, जवळ आणावा लागला नाही.

"काळ्यात काढलंस," त्या म्हणाल्या.

"हो."

"तू?"

"हो, वाचा ना आता."

रेवतीने सुटकेचा इतका मोठा श्वास सोडला, की दोघी-तिघी हसल्या.

अलकाताई वाचू लागल्या. पाठ म्हणताना त्यांचा आवाज झोक्यासारखा एका लयीत जायचा. आज तसा नव्हता. अडखळत होता, ओळीच्या शेवटी थांबत होता, पुढची ओळ शोधून तिथे उतरत होता. बायकांनी आज डोळे मिटले नाहीत. देवी आली. उंबऱ्यावर बसली. सूप पुढे ओढलं. इथेच मागच्या शुक्रवारी धागा सुटला होता.

"तांदूळ निवडता निवडता," अलकाताईंनी वाचलं, "देवीने विचारलं, बाई, सगळ्यांना वाढलंस, तू जेवलीस का?"

आणि थांबल्या.

"हे वाक्य कुठे होतं?" मागून कुणीतरी विचारलं. "ऐकल्याचं आठवत नाही."

"होतं," अलकाताई म्हणाल्या. बोट त्या ओळीवर तसंच. "होतं गं. माझी आई हे म्हणायची आणि हात थांबवायची. मीच सांगितलं होतं प्रमोदिनीला. आणि मीच सोडून दिलं. वर्षभर देवीला काही विचारूच दिलं नाही मी." त्या हसल्या, आणि हसताना डोळे पुसले. "बघा, आई कशी परत आली, ती पण काळ्या शाईतून."

रेवतीने हळूच आपल्या हातातला लाल कागद पाहिला. होतं, त्यातही ते वाक्य होतं. सगळ्यांच्याच देवघरात होतं.

अलकाताईंनी ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली, आणि या वेळी 'जेवलीस का' म्हणून हात थांबवला. मग कहाणी शेवटापर्यंत गेली. दूध आलं, चणे-गूळ आला. प्रमोदिनी पेले आत नेऊ लागली, तशा अलकाताई मागे मागे ओट्यापाशी आल्या.

"सोमवारची पण काढशील?"

"काढेन."

"आणि मंगळागौरीची? आणि अक्षर अजून एक बोट मोठं."

"अलकाताई, एका पानात चारच ओळी बसतील मग."

"बसू देत. मला कुठे जायचंय?" त्यांनी पेला विसळायला घेतला. या वेळी खरकटा.

दुसऱ्या दिवशी शनिवार. प्रमोदिनी सकाळी मारुतीला तेल वाहून आली, देवाचं आटोपलं, आणि प्रिंटरवरचं क्रोशाचं झाकण काढून घडी करून ठेवलं. प्रिंटर त्याच्याच बटणाने सुरू केला. कौसल्याने सांगितलं होतं, आठवड्यातून एकदा तरी चारही रंग चालले पाहिजेत, मग काही सुकत नाही. नियमाचं प्रमोदिनीला कधीच अवघड वाटलं नव्हतं, फक्त वार ठरवायचा होता. तोही तिने रात्रीच ठरवला होता.

श्यामकांत चहाचा कप घेऊन दारात उभे राहिले.

"शनिवारी काळं चालतं वाटतं?"

"शनिवारी काळंच लागतं," ती म्हणाली.

"आणि या व्रताचं उद्यापन कधी?"

प्रमोदिनी उत्तर द्यायला वळली, पण प्रिंटर खाकरला, आणि सोमवारच्या कहाणीची पहिली ओळ बाहेर यायला लागली. काळी, ठसठशीत, एका पानात चारच ओळी बसतील एवढी मोठी. तिने पुढे होऊन कागदाखाली दोन्ही हात धरले.

"अहो, भिंतीवरच्या बटणाला हात लावू नका," ती एवढंच म्हणाली.

"नाही गं बाई," श्यामकांत म्हणाले. "त्यावर मी चिकटपट्टी लावलीय."